सांगून ठेवलेली कामं

ऐंशी घरांच्या एखाद्या सोसायटीचा खजिनदार डोळ्यांसमोर आणा. दर तिमाहीला मेंटेनन्सची बिलं काढायची असतात. वर्डमध्ये मागच्या वेळचं बिल उघडायचं, नाव बदलायचं, फ्लॅटचा नंबर बदलायचा, मागची बाकी, त्यावरचं व्याज, पार्किंग, सिंकिंग फंड, एकूण रक्कम, प्रिंट. की पुढचं घर. ऑफिसातून आल्यावर तीन-चार संध्याकाळी यात जातात आणि एवढं करूनही कुणाच्या तरी बिलावर शेजाऱ्याची थकबाकी चढते. मग वार्षिक सभेत त्यावरून वाद. ज्या यंत्रावर हे काम चाललेलं असतं, त्याला ते कधीपासूनच येतं. बिलाचा नमुना एका फाइलमध्ये, सभासदांचा तक्ता दुसऱ्या फाइलमध्ये, आणि दोन्हींवरून ऐंशी वेगवेगळी बिलं तयार करणारी ‘मेल मर्ज’ ही सोय वर्डस्टारच्या जमान्यापासून, म्हणजे चाळीस-एक वर्षं उपलब्ध आहे.

अशी माणसं मला जागोजागी दिसतात. निकालपत्रकं भरत बसलेले शिक्षक, दवाखान्यात उद्याच्या पेशंटांना एकेक करून मेसेज पाठवणारी रिसेप्शनिस्ट, रोज संध्याकाळी एका पोर्टलवरचे आकडे दुसऱ्या शीटमध्ये उतरवणारा कारकून. त्यांच्या टेबलावरच्या संगणकात आणि खिशातल्या फोनमध्ये ही कामं परस्पर उरकणारी साधनं आधीपासून भरलेली आहेत. बहुतेकांना वेगळे पैसे पडत नाहीत, प्रोग्रामिंगचा कोर्सही लागत नाही. ती कुणी कधी दाखवून दिलेली नसतात, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

या सगळ्याला आज ऑटोमेशन म्हणतात. त्याचं मूळ रूप आपल्या चांगल्या ओळखीचं आहे. परगावी जाताना आपण दूधवाल्याला सांगून जातो, रविवारपर्यंत दूध टाकू नका, सोमवारपासून एक पिशवी जास्त. आपण नसताना काय करायचं, कधी करायचं आणि कोणत्या अटीवर, हे आधीच बोलून ठेवलेलं असतं. यंत्रालाही हेच सांगायचं असतं. मात्र शंका आली तर दूधवाला फोन करून विचारतो, यंत्र विचारत नाही. म्हणून त्याला सांगताना शब्द नेमका लागतो. शिवाय सांगणारे आपणच आहोत ना, याचीही खात्री असावी लागते, आणि गेल्या काही वर्षांत हीच बाजू जास्त नाजूक झाली आहे.

आधी नेमकेपणाचं पाहू. मेल मर्जसाठी एक्सेलमध्ये तक्ता करायचा. पहिल्या ओळीत मथळे, खाली एका ओळीत एक सभासद. व्याज आणि बेरीज एक्सेलकडूनच करून घ्यायची. मग वर्डच्या ‘मेलिंग्ज’ टॅबमध्ये जाऊन हा तक्ता जोडायचा आणि बिलाच्या नमुन्यात नावाच्या जागी नावाचा स्तंभ, रकमेच्या जागी रकमेचा स्तंभ ठेवायचा. पहिल्यांदा एक संध्याकाळ मोडते, पुढच्या तिमाहीला फक्त तक्त्यातले आकडे बदलायचे. पण दोन ठिकाणी हमखास ठेच लागते. एक्सेलमध्ये ‘५ एप्रिल’ अशी दिसणारी शेवटची तारीख बिलावर ४/५ अशी अमेरिकी क्रमाने उतरते, आणि सभासद ती ४ मे समजून निवांत राहतो. दुसरं म्हणजे रकमेमागे कधी कधी दशांशांची लांबलचक शेपूट येते. एक्सेलच्या चौकटीत आपल्याला दिसतं ते सजवलेलं रूप असतं. आत साठवलेला आकडा वेगळा असतो आणि वर्ड तो आतला आकडा उचलतं. तक्त्यात एक जादा स्तंभ करून एक्सेलच्या ‘टेक्स्ट’ या सूत्राने तारीख आणि रक्कम हव्या त्या रूपात बांधून घेतली, की दोन्ही अडचणी मिटतात. ज्यांना हे ठाऊक नसतं ते एकदा करून पाहतात, तारखा उलट्या आल्या की ‘हे आपलं काम नाही’ म्हणून पुन्हा हाताने सुरू करतात. इतक्या छोट्या गोष्टीपाशी माणसं परत फिरतात.

ठरल्या वेळी आपोआप काम होण्याची गोष्ट याहूनही जुनी आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम घडली. तिच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘क्रॉन’ नावाचा एक छोटा प्रोग्राम होता. दर मिनिटाला जागं व्हायचं, यादी पाहायची, या मिनिटाला काही करायचं असेल तर करायचं आणि पुन्हा झोपायचं, एवढंच त्याचं काम. पॉल विक्सी यांनी १९८७ मध्ये तो नव्याने लिहिला आणि लिनक्सवर आज जे क्रॉन भेटतं त्याची घडण बरीचशी तिथून आलेली आहे. यादीतल्या प्रत्येक ओळीत आधी पाच खाने असतात: मिनिट, तास, महिन्यातली तारीख, महिना, वार. त्यापुढे आज्ञा. ‘३० २ * * *’ असं लिहिलं तर रोज पहाटे अडीच वाजता, कारण फुलीचा अर्थ ‘कोणताही चालेल’. ‘० ९ * * १’ म्हणजे दर सोमवारी सकाळी नऊला. पाच खान्यांची ही मांडणी इतकी वर्षं टिकली याचं मला कौतुक वाटतं. बॅकअप, अहवाल, जुन्या फायलींची साफसफाई अशी जगभरची कितीतरी कामं रात्री तिच्यावर चालतात.

तिच्यात एक आडवळण मात्र आहे. एखाद्याला तेरा तारखेला शुक्रवार असेल तेव्हाच काम करायचंय, म्हणून त्याने तारखेच्या खान्यात १३ आणि वाराच्या खान्यात ५ लिहिलं. आपल्या मनात ‘आणि’ असतं, पण तारीख आणि वार दोन्ही भरले असतील तर क्रॉन त्याचा अर्थ ‘किंवा’ घेतं. काम दर तेरा तारखेलाही होतं आणि दर शुक्रवारीही. पहाटे अडीच या वेळेतही एक गंमत आहे. भारतात ती निर्धोक आहे, पण न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी माणसाने हीच ओळ लिहिली तर वसंतात घड्याळ दोनवरून थेट तीनवर जातं त्या दिवशी अडीच वाजतच नाहीत. क्रॉनच्या काही आवृत्त्या हे सांभाळून घेतात, काही घेत नाहीत. शहाणी माणसं तिकडे अशी कामं एक ते तीनच्या दरम्यान लावतच नाहीत.

घरच्या लॅपटॉपची अडचण आणखी साधी असते. रात्री तो मिटलेला असतो. विंडोजमध्ये ‘टास्क शेड्युलर’ नावाचं साधन वर्षानुवर्षं पडून आहे. त्यात वेळ लावताना सेटिंग्जच्या पानावर एक छोटी चौकट असते: ठरलेली वेळ हुकली तर यंत्र सुरू झाल्यावर लवकरात लवकर काम कर. या चौकटीत टिक केलेली नसल्यामुळे कित्येकांचा बॅकअप महिनोन्‌महिने झालेला नसतो आणि ते कळतं हार्ड डिस्क गेल्यावर. बॅकअप लावला की एखादी फाइल तिकडून परत काढून पाहावी. परत काढता आली तरच तो बॅकअप धरायचा.

जिथे आज्ञेत ‘पुसून टाक’ असा शब्द आहे तिथे दुप्पट सावध राहावं. फायलींची नक्कल ठेवणारा ‘आरसिंक’ हा प्रोग्राम अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी १९९६ मध्ये आणला. मूळ जागी नसलेली फाइल नकलेतूनही पुसायला त्याला सांगता येतं. मूळ आणि नक्कल यांची नावं उलटसुलट लिहिली गेली, तर रिकाम्या फोल्डरच्या बरोबरीला आणण्यासाठी तो भरलेलं फोल्डर साफ करतो. त्याच प्रोग्रामला ‘रंगीत तालीम’ करायला सांगायचीही सोय आहे. मग तो काय काय करणार आहे त्याची फक्त यादी दाखवतो, हात कशालाच लावत नाही. अशी तालीम ज्या साधनात नसेल तिथे पाच-सहा फायलींची नक्कल वेगळ्या फोल्डरात घ्यावी आणि आधी तिच्यावर प्रयोग करावा. विंडोजमधल्या ‘स्टोरेज सेन्स’लाही डाउनलोड्स फोल्डरमधल्या जुन्या फायली आपोआप पुसायला सांगता येतं. घरातल्या निम्म्या मंडळींची आधार कार्डं, सातबारे आणि निकालपत्रं त्याच फोल्डरात असतात, तेव्हा तो पर्याय बंदच बरा.

फोनवर काम सोपं झालं, कारण तिथे घड्याळाखेरीज इतरही निमित्तं मिळतात. फोनला तो कुठे आहे ते कळतं, चार्जर लावला की कळतं, कोणत्या वायफायला जोडला गेला ते कळतं, गाडीचं ब्लूटूथ भेटलं की कळतं. अँड्रॉइडवर ‘टास्कर’ हे ॲप ली विल्मॉट यांनी २०१० मध्ये आणलं. २०१८ पासून ते पोर्तुगालच्या झुआंव दियास यांनी पुढे चालवलं. आयफोनवर ‘वर्कफ्लो’ नावाचं ॲप २०१४ च्या डिसेंबरात आलं, ॲपलने २०१७ मध्ये ते विकत घेतलं आणि पुढच्या वर्षी ‘शॉर्टकट्स’ या नावाने स्वतःचं केलं. सॅमसंगच्या फोनमध्ये ‘रूटीन्स’ असतात. नावं वेगळी, मांडणी तीच. अमुक झालं की, तमुक अट असेल तर, हे कर. ऑफिसच्या वायफायला जोडलं की आवाज बंद. रात्री अकरानंतर चार्जरला लावलं की आई-बाबा आणि मुलं यांच्याखेरीज कुणाचा फोन वाजू नये. गाडीचं ब्लूटूथ जोडलं गेलं की नकाशा उघडावा. बॅटरी पंधरा टक्क्यांवर आली की बायकोला ‘फोन बंद पडेल, काळजी करू नको’ असा मेसेज जावा.

आणि सगळ्यात सोपं, ज्याला ऑटोमेशन म्हणावं असं कुणाच्या मनातही येत नाही, ते म्हणजे कीबोर्डची शब्दयादी. त्यात ‘पप’ या अक्षरांपुढे घराचा पूर्ण पत्ता लिहून ठेवला की कुठेही ‘पप’ टाइप करताच पत्ता समोर येतो. कुरिअरवाल्याला, लग्नाच्या यादीला, गॅसच्या नोंदणीला. दुकानदाराने बँक खात्याचा तपशील असा ठेवावा, क्लासवाल्यांनी फीचं वेळापत्रक. ज्यांच्या बोटांना त्रास आहे, ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांना याचा केवढा आधार होतो ते एकदा लावून देऊन पाहावं. वर्कफ्लोला २०१५ मध्ये ॲपलचा डिझाइन पुरस्कार मिळाला तोही याच कारणासाठी, दृष्टिहीनांना ते आवाजाच्या मदतीने पूर्णपणे वापरता येत होतं म्हणून. शंभरदा बोट फिरवायचं तिथे एकदाच फिरवावं लागणं ही धडधाकट माणसाला चैन वाटेल, कुणाला तोच एकमेव मार्ग असतो.

अँड्रॉइडवर लावलेली कामं मध्येच बंद पडतात अशी तक्रार नेहमी येते. त्यामागे बहुतेक वेळा बॅटरी असते. अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत, २०१५ मध्ये, ‘डोझ’ नावाची व्यवस्था आली. फोन बराच वेळ नुसता पडून असेल तर मागे चाललेल्या ॲप्सना ती झोपवते. त्यावर काही कंपन्या आपापल्या फोनमध्ये याहून कडक नियम घालतात आणि ज्या ॲपला आपण काम सांगून ठेवलंय तेच बंद करून टाकतात. सेटिंग्जमध्ये त्या ॲपच्या बॅटरीच्या पानावर जाऊन ‘अनिर्बंध’ किंवा ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडावं लागतं. औषधाच्या वेळेची आठवण करून देणारं ॲप वडिलांच्या फोनवर लावून दिलं असेल तर हे आजच तपासा.

आता पुन्हा संगणकाकडे येतो, कारण ऑटोमेशनचं खरं पाणी जिथे जोखलं जातं असं एक काम मराठीत आहे. आपल्याकडे १९८०-९० च्या दशकांत डीटीपी आलं तेव्हा सगळ्या लिप्यांसाठीची एकच सामाईक पद्धत, युनिकोड, वापरात नव्हती. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्री-लिपी, सी-डॅकचे फॉन्ट, हिंदी पट्ट्यातून आलेला कृतिदेव, अशा प्रत्येकाने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या पद्धतीने मराठी आकार बसवले. त्यात जुळवलेली पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल यांच्या फायली आजही हजारोंनी पडल्या आहेत. फॉन्ट नसेल तर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. शोधता येत नाही, मोबाइलवर वाचता येत नाही. हा मजकूर युनिकोडमध्ये आणणं म्हणजे लाखो वेळा ‘हे काढ, ते घाल’ करणं, आणि हे हाताने करायचं काम नव्हे.

वरवर पाहता सोपं आहे. कृतिदेवमध्ये ‘डी’ या कळीवर क, ‘ई’ या कळीवर म. बदलाचा तक्ता करा आणि वर्डच्या मॅक्रोला, म्हणजे वर्डमध्ये साठवलेल्या आज्ञांच्या यादीला, द्या. पण ‘मार्मिक’ हा शब्द घ्या. जुन्या फॉन्टमध्ये तो डोळ्याला दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो: म, काना, ऱ्हस्व वेलांटी, म, रफार, क. युनिकोड उच्चाराचा क्रम मानतं: म, काना, र, हलन्त, म, वेलांटी, क. म्हणजे वेलांटीला पुढच्या अक्षरापलीकडे न्यायचं आणि रफाराला मागच्या अक्षराअलीकडे आणायचं. ‘स्थिती’ आली की हाही नियम तोकडा पडतो, कारण पहिल्या वेलांटीने फक्त अर्ध्या ‘स’वरून उडी मारून चालत नाही, सबंध जोडाक्षर ओलांडायला हवं. मग नियमात ‘अर्धी अक्षरं कोणती’ याची यादी घालावी लागते. त्यानंतर लक्षात येतं की फाइलमध्ये मध्येच एक इंग्रजी पत्ता होता आणि त्यातल्या प्रत्येक अक्षराचं मराठी भजं झालंय. म्हणून आधी त्या तुकड्याला कोणता फॉन्ट लावलाय ते पाहा आणि मगच बदल, असंही मॅक्रोला सांगावं लागतं.

आणि सगळ्यात शेवटी मराठीचा म्हणून एक खास अडसर. डोंगरातल्या ‘दऱ्या’ आणि समुद्र या अर्थाचा ‘दर्या’. हिंदी मजकूर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या नियमांत अर्ध्या ‘र’चं आपलं डोळ्यातल्या पापणीसारखं रूप धरलेलंच नसेल, तर सह्याद्रीच्या दऱ्यांचा दर्या होतो. दोन्ही शब्द खरे, त्यामुळे शुद्धलेखन तपासणारा प्रोग्रामही ही चूक दाखवत नाही. ती वाचणाऱ्यालाच पकडावी लागते. माझ्या मते ऑटोमेशन शिकायचं तर हे उदाहरण सगळ्यात चांगलं आहे. शंभरातले नव्वद शब्द पहिल्याच झटक्यात सुटतात आणि खरी मेहनत उरलेल्या दहांसाठी लागते. त्या दहांसाठी मराठी यावी लागते, कॉम्प्युटर नंतर.

मॅक्रो लिहिणं अवघड वाटत असेल तर वर्ड आणि एक्सेलमध्ये रेकॉर्डर आहे. तो सुरू करा, एकदा हाताने काम करा, थांबवा. पुढच्या वेळी एका बटणावर तेच होतं. एक्सेलमध्ये मॅक्रो ज्या भाषेत लिहिले जातात ती, व्हीबीए, १९९३ मध्ये आली. विंडोजवर ‘पॉवर ऑटोमेट’ची डेस्कटॉप आवृत्ती २०२१ पासून विंडोज १० वापरणाऱ्यांना मोफत मिळू लागली. तिच्यात चौकटी ओढून एकाखाली एक मांडायच्या असतात. आता तर चॅटजीपीटीसारख्या साधनाला साध्या मराठीत सांगितलं तरी ते मॅक्रो लिहून देतं. त्याचा जरूर उपयोग करावा. मात्र वर सांगितलेल्या वेलांटीच्या उडीसारखे अपवाद त्याला आपणच सांगावे लागतात, आणि आलेला मॅक्रो मूळ फाइलवर कधीही थेट चालवू नये.

इथपर्यंत सांगणारे आपण होतो. यंत्राला मात्र सांगणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. २६ मार्च १९९९ ला ‘मेलिसा’ नावाचा व्हायरस पसरला तो एका वर्डच्या फाइलमधल्या मॅक्रोमुळे. फाइल उघडून मॅक्रो चालू झाला की तो आउटलुकच्या यादीतल्या पहिल्या पन्नास जणांना तीच फाइल मेलने पाठवायचा, आणि ओळखीच्या माणसाकडून आलीय म्हणून ते पन्नास जण ती उघडायचे. मोठमोठ्या कंपन्यांना मेलचे सर्व्हर बंद ठेवावे लागले. जुना मजकूर युनिकोडमध्ये आणणारी सोय आणि मेलिसाची सोय एकच होती. इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो मुळातच चालू न देण्याचं मायक्रोसॉफ्टने ठरवलं ते २०२२ मध्ये. त्याआधीची बरीच वर्षं वरची पिवळी पट्टी आणि ‘एनेबल कंटेंट’ हे बटण एवढाच पहारा होता, आणि तो किती जणांनी न वाचता ओलांडला असेल याला गणती नाही.

फोनवर हीच गोष्ट जास्त गंभीर होते, कारण तिथे पैसा आहे. आलेला एसएमएस आपोआप दुसऱ्या नंबरवर पाठवणं हे अगदी उपयोगाचं ऑटोमेशन आहे. ज्यांच्याकडे दोन फोन असतात ते करतातही. बँकेचा ओटीपी परस्पर चोराकडे पोचवायलाही हेच लागतं. म्हणून गूगलने २०१८ च्या ऑक्टोबरात ठरवलं की प्ले स्टोअरमधल्या सरसकट कुठल्याही ॲपला एसएमएस आणि कॉलची यादी वाचू द्यायची नाही. टास्करलाही तेव्हा सवलत मागून घ्यावी लागली. चोरांनी मग स्टोअर सोडून दुसरी वाट धरली. व्हॉट्सॲपवर लग्नाची पत्रिका किंवा वाहतूक पोलिसांचं चलन म्हणून एपीके फाइल येते. ती इन्स्टॉल केली की ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं, किंवा त्याहून पुढची, ‘ॲक्सेसिबिलिटी’ची. ही परवानगी मुळात दृष्टिहीनांसाठी आहे. स्क्रीनवर काय लिहिलंय ते वाचून दाखवायचं आणि त्यांच्या वतीने बटणं दाबायची, तर ॲपला स्क्रीन दिसावी लागते आणि बटणं दाबता यावी लागतात. टास्करसारखी साधनंही तीच वापरतात. ती परक्याच्या ॲपला दिली, तर आपल्या वतीने बटणं दाबणारा दुसराच कुणीतरी होतो. २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून बाहेरून आलेल्या अशा ॲपला ही परवानगी सहजासहजी देता येत नाही, ‘रिस्ट्रिक्टेड सेटिंग’ असा अडसर येतो. फोनवर समोरून बोलणारा माणूस तो अडसर कसा काढायचा ते शिकवू लागला, तर तिथेच फोन ठेवावा.

कॉल फॉरवर्डिंग हेही सांगून ठेवलेलंच काम. मोबाइलच्या आधीपासून चालत आलेलं. फुली, ४०१, फुली आणि पुढे एक नंबर, एवढं डायल करायला लावून लोकांचे कॉल चोर स्वतःकडे वळवून घ्यायचे. शेवटी दूरसंचार विभागाने कंपन्यांना १५ एप्रिल २०२४ पासून डायल करून फॉरवर्डिंग लावायची ही सोय थांबवायला सांगितली. ई-मेलमध्ये शिरलेला चोरही हेच करतो. पासवर्ड बदलला तरी चालू राहील असा एक फिल्टर लावून जातो, की बँकेकडून आलेली प्रत्येक मेल अमुक पत्त्यावर पाठव आणि इथून पुसून टाक.

म्हणून सांगून ठेवलेल्या कामांच्या याद्या अधूनमधून उघडून पाहायला हव्यात. त्या एका जागी नसतात ही खरी गैरसोय आहे, आणि फोन बनवणाऱ्यांनी ती दूर करायला हवी असं मला ठामपणे वाटतं. तोवर आपणच फिरायचं. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या पानावर कोणकोणती ॲप्स सुरू आहेत ते पाहावं. ओळखीचं नसेल ते बंद. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये फिल्टर आणि फॉरवर्डिंग अशी दोन पानं आहेत, ती पाहावीत. गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर, आपल्या खात्यात शिरायची मुभा कोणत्या बाहेरच्या सेवांना आहे, त्याची यादी असते. कधीकाळी एखाद्या खेळासाठी दिलेली मुभा तिथे अजून जिवंत असते.

पैशांच्या बाबतीत आपल्याकडचा नियम मला या सगळ्यात जास्त शहाणपणाचा वाटतो. यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२० च्या जुलैमध्ये यूपीआय ऑटोपे आणलं. एकदा पिन टाकून मंजुरी द्यायची, पुढचे हप्ते आपोआप. ऑटोपे असो की कार्डावरून जाणारे हप्ते, अशा सगळ्या वसुलीला रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत आणि कार्डांच्या बाबतीत १ ऑक्टोबर २०२१ पासून बँकांना ते कसोशीने पाळावे लागले. पहिल्या वेळी ग्राहकाची वेगळी खातरजमा हवी आणि पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी ग्राहकाला कळवायला हवं, किती, कुणाला, कधी. नको असेल तर तेवढ्या वेळात तो थांबवू शकतो. दर वेळी पिन न विचारता कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा आधी ५,००० होती. २०२२ च्या जूनमध्ये ती १५,००० झाली, आणि २०२३ च्या डिसेंबरात म्युच्युअल फंड, विम्याचे हप्ते आणि क्रेडिट कार्डाची बिलं यांच्यासाठी १ लाख रुपये. फास्टॅगमध्ये शिल्लक कमी झाली की आपोआप पैसे भरले जावेत, यासाठी मात्र २०२४ मध्ये २४ तासांच्या सूचनेतून सूट दिली गेली, कारण टोलनाक्यावर गाडी एक दिवस थांबू शकत नाही.

ॲप फोनमधून काढून टाकलं की वर्गणी बंद झाली, असं पुष्कळांना वाटतं. ती बंद होत नाही. मंजुरी ॲपला दिलेली नसते, ती बँकेकडे नोंदलेली असते आणि तिथे चालू राहते. आपल्या यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ नावाचं पान शोधा. बहुतेक ठिकाणी ते प्रोफाइलच्या आत दडलेलं असतं. तिथे चालू मंजुऱ्यांची यादी, प्रत्येकीची कमाल रक्कम आणि मुदत दिसते. कमाल रकमेकडे नीट लक्ष द्या. महिन्याला १४९ रुपयांच्या वर्गणीसाठी त्याहून कितीतरी मोठ्या रकमेची मंजुरी दिलेली असू शकते. नको असलेली मंजुरी तिथल्या तिथे पिन टाकून रद्द करता येते. दोन-तीन यूपीआय ॲप्स वापरत असाल तर प्रत्येकातली यादी वेगळी पाहा, आणि क्रेडिट कार्डावर दिलेल्या मंजुऱ्यांसाठी बँकेच्या पोर्टलवर स्वतंत्र पान असतं, तेही.